अरुणबिंब चित्र

हल्ली कणकवलीत पिक्चर बघायला गेलं
की आधी सहा-सहा कंपन्या येऊन जातात.
कुणाचं लोखंडी दार, कुणाची समई,
कुणाचं अख्खं आभाळच फुटतं आणि त्यातून अक्षरं गळतात.
लोक तोवर खुर्च्यांचे नंबर शोधतात,
मोबाईलच्या उजेडात एकमेकांच्या पायांवर पाय देतात.
मी मात्र नीट बसून घेतो,
पंगतीत मीठ वाढून होईस्तोवर बसावं तसा.

आमच्या वेळी एकच कंपनी होती.
म्हणजे असतील पुष्कळ,
आचऱ्याच्या तंबूत यायची ती ही एक.
पाण्याला टेकलेला गोळा,
काळापांढरा असूनही तांबडा वाटणारा,
केसभर वर सरकायचा.
त्याच्या पुढ्यात होडी, होडीत वल्हवणारा माणूस,
उघडी छाती, तोंड आपल्याकडे,
जवळ, अजून जवळ,
मग शंख, मग नाव.
अकरा सेकंद. मी मोजलेत.
रिळं गुंडाळायचं काम माझं होतं, वय तेरा.

पुढे पिक्चर कुठलाही असो,
छळणारी सासू असो की पाटलाचा बिघडलेला पोर,
आधी होडी यायचीच
आणि चटयांवरून एकच ओरडा उठायचा:
"लाडोबा इलो!"

लाडोबा तारी. खाडीवर तर चालवायचा.
त्याने नवऱ्या पलीकडे नेल्या,
खाटेला बांधून अडलेल्या बाळंतिणी नेल्या,
एकदा फौजदाराची म्हैस.
कंपनीवाले आले ते त्याचे दंड बघून.
चहा आणि अकरा रुपये.
सेकंदाला रुपया, असं गाव नंतर म्हणायचा.

आता गंमत ऐका.
मुंबईच्या सायबाला हवा होता उगवता सूर्य
आणि दर्या आमचा पश्चिमेला.
आमच्याकडे सूर्य डोंगरातून येतो, फणसांच्या मागून.
दर्यात तो फक्त बुडतो.
सायब म्हणाला, हरकत नाही.
मावळतीला लाडोबाला आत पाठवलं
आणि मुंबईत नेऊन फिल्म उलटी फिरवली.

शहरात कुणाला कळलं नसेल.
आमच्या चटईवर शेंबड्या पोराला कळायचं:
होडी येत होती ती पिछाडी पुढे करून,
थेंब दर्यातून उडून वल्ह्याला चिकटत होते
आणि एक कुरव शेपटीच्या दिशेने उडत होता.
लोक हसायचे.
लाडोबाला पास होता. होडी आली की तो उठायचा,
पंचा झटकायचा, बाहेर जाऊन बिडी ओढायचा.

पूल झाला त्या वर्षीच्या मे महिन्यात,
तंबू उतरवायच्या आदल्या रात्री,
तो मशीनच्या खोलीशी येऊन उभा राहिला.
"दाऊदभाई, माका एकदा सुलटा दाखय."

दाऊद सोलकर सहसा कुणाचं ऐकायचा नाही.
त्याने मोटरचा पट्टा काढला, कार्बन पेटवला,
दांडा माझ्या हातात दिला.
उलटा फिरव, म्हणाला, थांबलास तर जळेल.

रिकाम्या तंबूत, आवाजाशिवाय,
आधी नाव पुसलं गेलं.
मग होडी निघाली, नाळ पुढे.
थेंब गळले.
कुरवाला डोकं पुढे मिळालं.
लाडोबा आमच्याकडे बघत बघत लांब गेला,
गोळा केसभर खाली बसला,
मग नुसता पांढरा पडदा. माझा खांदा भरून आला होता.

"ह्या बरोबर," तो म्हणाला.
बराच वेळ तिथेच होता.
"आणि माझा परत येणा खंय आसा?"

तेवढंच काढलंय त्यांनी, दाऊदभाई म्हणाला.

"होय. उजवाड नाय होतो.
मी वल्हयत इलंय तेव्हा त्यांची मोटार गेल्ली.
पैशे बागव्याच्या दुकानात ठेवलेले.
वाळूत तीन भोकां होती,
कॅमेऱ्याच्या घोड्याच्या पायांची.
भरती चढत होती.
दोन भरान गेल्ली.
तिसऱ्यात कुर्ली रिगत होती."